वॉटसनचा सांगाडा आणि खालचे गाळे

मंडळी, विषय जाहीर झालाय 'एस्प्लनेड मॅन्शन आणि तिथल्या गाळ्यांचं पुढे काय'. एस्प्लनेड मॅन्शन म्हणजे मुंबईत काळा घोड्याजवळचं जुनं वॉटसन हॉटेल. त्यावर येतोच. पण काळा घोडा म्हटलं की कोणीतरी टाटांची गोष्ट काढतंच, तिचा आधी निकाल लावू. वॉटसन हॉटेलात प्रवेश नाकारला म्हणून जमशेटजींनी ताज काढलं! गोष्ट झकास आहे; त्या काळचा पुरावा मागितला की मात्र सगळे चहाकडे वळतात. त्यापेक्षा ७ जुलै १८९६ ची संध्याकाळ घ्या. ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं, तिकीट एक रुपया, जागा हीच. याची जाहिरात छापून आली होती. तरी पाहुण्यांना दाखवताना आपण ताजचंच सांगतो. (हसू नका, तुमच्यातलेही सांगतात.)

आता मुद्दा. रोलंड ऑर्डिश या इंग्रज अभियंत्यानं आखलेला या इमारतीचा लोखंडी सांगाडा इंग्लंडात ओतून, जहाजानं आणून इथे जोडला. भार खांब आणि तुळया घेतात, विटा म्हणजे नुसती भरती. म्हणून भिंत फुगलेली दिसली की 'इमारत गेली' म्हणणं घाईचं. पण सांगाडा ठणठणीत आहे असंही नाही. खांब बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे. बीड दाबाला दणकट, ताणाला कच्चं. वाकून इशारा देत नाही, थेट तडकतं. पोकळ खांब ओतताना साच्यातला आतला गाभा सरकला असेल, तर एका बाजूची जाडी कमी भरते. बारीक भोकं पाडून ती दोन-तीन ठिकाणी मोजायलाच हवी. आणि चिरेवर वेल्डिंग नको! थंड होताना शेजारी दुसरी चीर जाते. त्याऐवजी न तापवता धातूचे टाके घालतात.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं उरलीत. तर भराभर. १९६० च्या दशकात हॉटेल बंद, मग खोल्यांचे कप्पे, वकिलांच्या केबिनी, पोटमाळे, जागोजागी मोऱ्या आणि गोठलेलं भाडं. २००५ मध्ये सज्जा कोसळून एक जीव गेला. २०१९ मध्ये कोर्टाच्या आदेशानं इमारत रिकामी झाली. आयआयटीच्या अहवालानं पाडा म्हटलं, वारसा जाणकारांनी दुरुस्ती होईल म्हटलं.

गाळ्यांचा प्रश्न इथेच जोडलेला आहे. दुरुस्ती करताना मजले तोलायला टेकू लागतो, आणि टेकू तिसऱ्या मजल्यावर सुरू होत नाही. तो जमिनीपासून, मजल्यावर मजला, एका रेषेत चढतो. म्हणजे दुकानाच्या मधोमध उभा राहतो. शिवाय खांबाची बैठक फळ्या-फरशीमागे दडलेली असते आणि धुण्याचं पाणी तिथेच मुरून गंज धरतो. दुकान हलल्याशिवाय ती दिसतच नाही. मग दुकानदारानं दुरुस्तीनंतर गाळा परत मिळण्याचा करार आधी मागावा, तोही नुसत्या चौरस फुटांचा नको. मागच्या बाजूला जागा वाढवून, तेवढंच क्षेत्रफळ देऊन समोरचं तोंड अरुंद करता येतं, आणि दुकान चालतं ते तोंडावर. दर्शनी रुंदी फूट-इंचात लिहून घ्या, आणि गाळा कोणत्या दोन खांबांमधला, तेही खांबांच्या क्रमांकानिशी.

प्रश्न विचारा. टाटांचा सोडून.