लॅटरलच्या तोंडाशी

(दृश्य: रावेर तालुका, केळीची बाग, पहाट. मोटर सुरू होते.)

पहाटेची लाईट आली, मोटर चालू झाली. मेनलाइनचं पाणी सबमेनमध्ये, सबमेनचं १६ मिलिमीटरच्या लॅटरलमध्ये, म्हणजे ठिबकच्या बारीक नळीत. वाटेत कॉक फिरवून प्रेशर उतरवलं जातं. लॅटरल थेट मेनलाइनला जोडली, की ग्रोमेटपाशी, म्हणजे सांध्यातल्या रबरी कड्यापाशी, आधी ओल धरते. कॅमेरा थांबलाय, तिथे ती दिसते आहे.

(दृश्य: मेंदूच्या तळाच्या रक्तवाहिन्या, प्रतिकृती)

मेंदूच्या तळाशी अशीच थेट जोडणी आहे. मधली मेंदूधमनी साधारण ३ मिलिमीटर रुंद. तिच्यातून लेंटिक्युलोस्ट्रायेट नावाच्या फांद्या जवळपास काटकोनात निघतात, बहुतेक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून बारीक. मोठ्या धमनीचा दाब मधे फारसा न उतरता या बारीक नळीत शिरतो. म्हणून वाढलेल्या बीपीमुळे होणारा रक्तस्राव बेसल गँग्लिया या मेंदूच्या खोल भागात सर्वाधिक सापडतो. त्याखालोखाल थॅलॅमस हा शेजारचा खोल भाग, मेंदूच्या देठातला पॉन्स आणि लहान मेंदू. तिथेही अशाच फांद्या आहेत.

मात्र प्लास्टिकची नळी नुसती दाब सोसते. रक्तवाहिनीची भिंत रोज दुरुस्त होत असते, आणि ती दुरुस्ती पेशी करतात.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखालची काच, मॅसन ट्रायक्रोम रंग)

हा निरोगी फांदीचा आडवा छेद. या रंगात स्नायू लाल दिसतो, कोलॅजन हे चिवट धाग्यांचं प्रथिन निळं. मधल्या पोकळीला चिकटलेली ही बारीक रेघ म्हणजे एंडोथेलियल पेशींचं अस्तर. एकच थर. केंद्रकाची जागा सोडली तर जाडी एका मायक्रॉनहून कमी. त्याच्या बाहेर पाया, म्हणजे बेसमेंट मेम्ब्रेन, आणि त्याच्याही बाहेर स्नायुपेशींचं लाल कडं.

या एका थराकडे तीन कामं आहेत. पहिलं, शेजारच्या पेशीशी घट्ट सांधा धरणं. १९६७ मध्ये रीज आणि कार्नोव्स्की या संशोधकांनी उंदरांच्या रक्तात पेरॉक्सिडेज हे प्रथिन सोडून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर ते याच सांध्यांशी अडलेलं होतं. रक्तातले पदार्थ मेंदूत शिरू न देणारं कुंपण अस्तराच्या पेशींतच आहे, हे तिथे दिसलं. दुसरं, नायट्रिक ऑक्साइड तयार करून बाहेरच्या स्नायूला सैल ठेवणं. या रेणूचं काम उलगडणाऱ्या फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद यांना १९९८ चं नोबेल मिळालं. तिसरं, ज्याची चर्चा कमी होते पण आमच्या मते इथे सर्वांत महत्त्वाचं: भोवतालच्या पेशींच्या साथीनं पाया घालणं. टाइप ४ कोलॅजन त्या पायाचा मुख्य धागा.

त्या धाग्याच्या सीओएल४ए१ जनुकात दोष असला, तर काय होतं? २००५-०६ मधल्या प्रयोगांत उंदरांची अशी अनेक पिल्लं नैसर्गिक प्रसूतीच्या दाबानं मेंदूत रक्तस्राव होऊन दगावली. सिझेरियननं काढलेली पिल्लं जन्मावेळच्या त्या मोठ्या रक्तस्रावातून वाचली. भिंत कच्ची होती, दाबानं ती फोडली. बीपीकडे पाहताना दोन्ही बाजू ध्यानात ठेवाव्या लागतात.

(दृश्य: दुसरी काच. निळा रंग पसरलेला.)

ही अनेक वर्षं बीपी चढलेल्या माणसाची फांदी. लाल कडं शोधा. जवळजवळ नाहीच. अस्तरातून मिळणारं नायट्रिक ऑक्साइड आधी घटतं, स्नायू आखडलेला राहतो. सांधे सैल पडतात, रक्तद्रवातली प्रथिनं भिंतीत झिरपतात. मग स्नायुपेशी मरू लागतात आणि त्यांच्या जागी कोलॅजन भरतं. कोलॅजन जाड असतं, पण ते आवळून धरत नाही. ही निळी भिंत पहिलीपेक्षा जाड आहे, तरीही दुबळी. काही ठिकाणी ती बारीक फुग्यासारखी बाहेर येते. शार्को आणि बूशार यांनी १८६८ मध्ये वर्णन केलेले फुगे ते हेच. या साऱ्या काळात माणसाला काहीही जाणवत नाही. डोकं दुखलं तरच बीपी, असं अंगणात पापड लाटताना ऐकू येतं ते म्हणूनच फसवं.

केशवाहिन्यांभोवतीच्या पेरिसाइट पेशींची गोष्ट वेगळी आणि लांब आहे. इथे एवढंच, की त्या निघाल्या की अस्तराचे सांधेही सैल होतात.

(दृश्य: सीटी स्कॅनचा पडदा)

पांढरी दिसते ती ताजी गाठ. लांबी ४ सेंटिमीटर, रुंदी ३, उंची साडेतीन. गाठीतल्या रक्ताचा डॉक्टरांचा ढोबळ हिशोब असा: तिन्हींचा गुणाकार ४२, भागिले २, म्हणजे सुमारे २१ मिलिलिटर. त्याच मेंदूचा काही तासांनंतरचा स्कॅन: ५, ४, ४. आता ४० मिलिलिटर. गाठ वाढते कारण फुगत्या गाठीच्या ताणानं आजूबाजूच्या फांद्याही एकेक करून फाटत जातात. पुढच्या दिवसांत रक्तातलं थ्रॉम्बिन हे रक्त गोठवणारं प्रथिन आणि लोह शाबूत राहिलेल्या वाहिन्यांचेही सांधे उघडतात, आणि भोवताली सूज चढते.

अर्धं अंग जातं, वाचा जाते, अनेकजण महिनाभरही काढत नाहीत.

(दृश्य: वॉर्ड, खिडकीजवळची खाट. निवेदन नाही. १२ सेकंद.)

(दृश्य: धडगावचा घाट, रुग्णवाहिका)

गुठळीचा झटका आणि रक्तस्रावाचा झटका बाहेरून सारखाच दिसतो. म्हणून स्कॅनआधी घरातली ॲस्पिरिन देऊ नका. पाणीही पाजू नका, ठसका लागून ते फुफ्फुसात जातं. उलटी होत असेल तर कुशीवर झोपवा. झटका किती वाजता आला, ते कागदावर लिहा. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर तिची पट्टी सोबत घ्या.

दवाखान्यात वरचा बीपी १४० खाली, ताप साडेसदतीस अंश सेल्सिअसच्या वर जाऊ न देणं, साखर आटोक्यात, रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू असेल तर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, दीडच्या खाली. उपचार सुरू झाल्यापासून ही सगळी कामं तासाभरात साधायची. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंटरॅक्ट-३ चाचणीत, १० देशांतल्या ७,००० हून अधिक रुग्णांत, या एकत्र उपचारानं अपंगत्व आणि मृत्यू मिळून परिणाम सुधारला.

(दृश्य: पुन्हा रावेर, ओटा, बीपीचं यंत्र)

५ मिनिटं टेकून बसा. पाय जमिनीवर, बाही वर, पट्टा उघड्या दंडावर आणि हृदयाच्या उंचीला. मोजताना बोलू नका. पहिला आकडा १६८ वर ९६. एक मिनिट थांबून पुन्हा: १६२ वर ९४. गोळीची पट्टी खुंटीवरच्या पिशवीत आहे, बरं वाटलं म्हणून ७ महिन्यांपूर्वी बंद केलेली. आशाताई वहीत दोन्ही आकडे लिहितात, आणि पुढचं मोजणं कधी, तेही.