मना ट्रॅक कोठे गयात?

(दृश्य: बंद खिडक्यांची खोली. कीबोर्डवर दोन हात, अगदी जवळून.)

निवेदन: पडद्यावर काय चाललंय ते नंतर बघू. आधी व्हिडिओ एडिटिंग करणारे हे हात बघा.

डाव्या हाताची बोटं जे, के, एल या तीन बटणांवर टेकली आहेत. जे दाबलं की चित्र मागे धावतं, एल दाबलं की पुढे, के दाबलं की जागच्या जागी उभं राहतं. तिथूनच बोट जरा वर सरकलं की आय आणि ओ. शॉट इथून घ्यायचा, इथे सोडायचा. बी म्हणजे शॉट कापायचं ब्लेड. ए म्हणजे परत साधा बाण. आर एकदा दाबलं तर रोल, म्हणजे दोन शॉटमधली सीमा सरकवायची; लागोपाठ दोनदा दाबलं तर रिपल, म्हणजे शॉट लहान-मोठा करायचा आणि पुढचे सगळे सोबत सरकवायचे. बटणांवरची अक्षरं केव्हाच पुसली गेली आहेत. या हातांना ती लागत नाहीत.

(दृश्य: जळगाव. गोलाणी मार्केटची गर्दी. मग एक बोळ, पाटी नसलेलं दार.)

निवेदन: गोलाणी मार्केटच्या गजबजाटापासून दहा मिनिटं चालत गेलं की ही खोली लागते. दाराला पाटी नाही. "मिक्सिंगवाले दादा कुठे बसतात?" असं विचारलं की लोक बोट दाखवतात. आमच्याकडे एडिटिंगला आजही मिक्सिंगच म्हणतात. शब्द व्हीएचएस कॅसेटच्या काळातला आहे. दोन व्हीसीआर, मधे एक मिक्सर, आणि मधेच काही चुकलं तर तिथून पुढचं सगळं पुन्हा. दादांनी तिथून सुरुवात केली. मग मुंबईत एका स्टुडिओत रात्रपाळी करत फायनल कट प्रो हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर शिकले, आणि २००८ साली मॅक संगणकाची पेटी सोबत घेऊन भुसावळच्या गाडीने घरी आले.

(दृश्य: कपाटात रचलेल्या हार्ड डिस्क. प्रत्येकीवर स्केच पेनने लिहिलेलं: चोपडा हळद, पारोळा टिळा, यावल केळी फिल्म.)

निवेदन: लग्नं, सराफांच्या जाहिराती, निवडणुकीचा प्रचार, ठिबकवरच्या केळीच्या माहितीफिती. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळिशीला टेकतो, आणि नेमकी तीच लग्नसराई. दादा रात्री अकराला बसायचे आणि पहाटे उठायचे. मशीन तापू नये म्हणून कूलरचं तोंड मॅककडे. स्वतःला पंखा.

(दृश्य: जुनी टाइमलाइन, पूर्ण पडदा. एकाखाली एक रांगा.)

निवेदन: आता पडदा बघा. या आडव्या रांगा म्हणजे ट्रॅक. वरच्या रांगा चित्राच्या, खालच्या आवाजाच्या. व्ही १ वर मांडव, पाहुणे, वरात. व्ही २ वर नावं आणि फोटो. ए १ आणि ए २ वर कॅमेऱ्याचा आवाज, ए ४ वर बँड, त्याच्या खाली वरून टाकलेलं गाणं. मधला ए ३ दादांनी बायांसाठी राखून ठेवलेला. हळदीच्या रात्री बाया अहिराणीत जी गाणी म्हणतात त्यांच्यासाठी वेगळा माइक आणि वेगळा ट्रॅक. गिऱ्हाइकाने कधी मागितलं नाही, पैसेही त्याचे वेगळे मिळाले नाहीत. दादांची रीत होती. कुठल्याही प्रोजेक्टमध्ये, कुठल्याही वर्षी, ए ३ म्हणजे बायांची गाणी.

साउंड करणाऱ्याला काम पाठवतानाही हीच मांडणी उपयोगी पडायची. कुठल्या रांगेत काय आहे ते न सांगता समजायचं. जगभरचे एडिटर असंच बसायचे. आपापल्या रांगा लावून.

(दृश्य: दादा चहा ओततात. मागे भिंतीवर कॅलेंडर.)

निवेदन: ज्या सॉफ्टवेअरवर हे हात बसले, त्याची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. रँडी युबिलोस नावाच्या माणसाने आधी अडोबी कंपनीच्या प्रीमिअर या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या पहिल्या आवृत्त्या लिहिल्या. मग मॅक्रोमीडिया कंपनीत जाऊन त्याने नव्या एडिटिंग सॉफ्टवेअरचं काम हाती घेतलं. १९९८ मध्ये ते काम अ‍ॅपलने विकत घेतलं आणि १९९९ मध्ये फायनल कट प्रो या नावाने बाजारात आणलं. त्याआधी असलं काम करायला लाखोंची यंत्रं लागायची. आता एका मॅकवर भागू लागलं. २००३ साली एडिटर वॉल्टर मर्च यांनी हॉलिवूडचा 'कोल्ड माउंटन' यावर कापला आणि एडिटिंगच्या ऑस्कर नामांकनापर्यंत नेला. जळगावच्या खोलीतला माणूस आणि हॉलिवूडचा माणूस एकच बटण दाबत होते. दादांना याचा फार अभिमान होता. मलाही होता, कारण मी याच खोलीत स्टुलावर बसून शिकलो.

(दृश्य: दादा पडद्याकडे बघतात. चेहरा, निळसर उजेड.)

निवेदन: १२ एप्रिल २०११. अमेरिकेत लास वेगासला एडिटरांच्या मेळाव्यात अ‍ॅपलने नवी आवृत्ती दाखवली. टाळ्या पडल्या. २१ जूनला ती विक्रीला आली. फायनल कट प्रो टेन, किंमत २९९.९९ डॉलर, आणि लिहिण्यामागे पुन्हा तोच युबिलोस. त्याच दिवशी जुन्या फायनल कट स्टुडिओची, म्हणजे ज्या संचात फायनल कट सात मिळायचं त्याची, विक्री बंद झाली.

इकडे मृग बरसला होता, कपाशीची लावणी चालू होती, लग्नसराई उरकत आली होती. दादांनी पुण्यात एका मित्राच्या मशीनवर ते नवं सॉफ्टवेअर उघडून पाहिलं. पहिलं वाक्य मराठीत आलंच नाही, अहिराणीत आलं.

(बाइट, दादा: "म्हटलं, हाई काय शे भो? मना ट्रॅक कोठे गयात?")

(दृश्य: धरणगावजवळच्या लग्नातली पंगत. वरण-बट्टी वाढतायत. एक माणूस उठतो.)

निवेदन: ट्रॅक गेले होते, हे खरंच. रांगांच्या जागी आली मॅग्नेटिक टाइमलाइन. ती समजून घ्यायला ही पंगत पुरेशी आहे. जुन्या फायनल कटमध्ये पंगतीतून एक जण उठला की त्याचं पान रिकामं राहायचं. शेजारी हलत नव्हते. ती जागा ठेवायची की बुजवायची हे वाढणारा ठरवायचा. नव्यात एक जण उठला की उरलेले सगळे आपोआप सरकून बसतात. मधली एक मुख्य रांग, आणि बाकीचं सगळं तिला चिकटून. रिकामी जागा हवी असेल तर ती मुद्दाम आणून ठेवावी लागते.

यात बुद्धी आहे. एक शॉट काढताना दुसऱ्यावर आदळत नाही, चित्र आणि आवाज एकमेकांपासून निसटत नाहीत. जुन्या सॉफ्टवेअरला चार जीबीपेक्षा जास्त मेमरी वापरताच येत नव्हती. नवं ६४ बिटचं होतं, त्याला ही मर्यादा नव्हती, आणि काम चालू असताना ते मागे रेंडर करत, म्हणजे बदललेलं चित्र तयार करत राहायचं. रेंडरची पट्टी बघत मे महिन्याच्या रात्री काढलेल्या माणसाला याची किंमत सांगावी लागत नाही. दादांनी ते त्याच दिवशी कबूल केलं होतं.

पण काय काय नव्हतं तेही बघा. दोन-तीन कॅमेऱ्यांचं चित्रण एकत्र लावून कापायचं मल्टिकॅम नव्हतं. साउंडवाल्याला आवाजाचे ट्रॅक द्यायची ओएमएफ फाइल नव्हती. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये काम न्यायला लागणाऱ्या फाइल, ईडीएल नाही, एक्सएमएल नाही. ब्रॉडकास्ट मॉनिटरवर चित्र धड काढता येत नव्हतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जुन्या फायनल कट सातचा एकही प्रोजेक्ट नव्यात उघडत नव्हता.

(दृश्य: कॅमेरा हार्ड डिस्कच्या कपाटावरून हळू सरकतो.)

निवेदन: या कपाटाकडे पाहत ते वाक्य ऐकावं लागतं.

जगभर ओरड झाली. ॲप स्टोअरवर एक-एक तारा पडू लागला. 'हे तर आयमूव्ही प्रो आहे,' असं व्यावसायिक एडिटर चिडून म्हणू लागले, कारण २००७ मध्ये आयमूव्ही या घरगुती वापराच्या सॉफ्टवेअरचीही अशीच मोडतोड करून नवी मांडणी झाली होती. अमेरिकी टीव्हीवरच्या कोनन ओब्रायनच्या विनोदी शोच्या एडिटरांनी त्यावर थट्टेचा व्हिडिओ काढला. अ‍ॅपलने प्रश्नोत्तरं प्रसिद्ध केली, मागणाऱ्यांना पैसे परत दिले, आणि जुनी आवृत्ती काही काळ पुन्हा विकायला काढली. अडोबीने फायनल कट सोडून येणाऱ्यांना निम्म्या किमतीत आपलं दुकान उघडून दिलं. सप्टेंबर २०११ मध्ये एक्सएमएल आलं, ट्रॅकच्या जागी 'रोल्स' आले, म्हणजे ही क्लिप गाणं की बोलणं हे सांगणाऱ्या खुणा. जानेवारी २०१२ मध्ये मल्टिकॅम आलं. जुने प्रोजेक्ट नव्यात नेणारा पूल बांधला तो अ‍ॅपलने नाही, बाहेरच्या एका छोट्या कंपनीने.

खान्देशात फायनल कटवर बसणारी माणसं तेव्हाही मोजकीच होती. कोणी प्रीमिअर उचललं, कोणी एडियस या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर गेलं, एकाने मिक्सिंग सोडून मोबाइल रिपेअरिंग टाकलं.

(दृश्य: धुळे. गच्चीवरची खोली. मॅकसमोर तरुणी. पडद्यावर अहिराणी गाण्याचं चित्रीकरण, पिवळा फेटा, बैलगाडी.)

निवेदन: हे धुळ्यात. ही ताई अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ कापते. यूट्यूबवर या गाण्यांना खान्देशातून आणि सुरतेला कामाला गेलेल्या आपल्या माणसांतून मोठा प्रेक्षक आहे. तिने सुरुवातच टेनवर केली. हात बघा. जे, के, एल तेच आहेत. आय आणि ओ तेच. पण ती क्लिपवरून नुसता माऊस फिरवते आणि चित्र बोटाखालून वाहत जातं. प्रत्येक शॉटला शब्द जोडून ठेवते: 'नाच', 'शेत', 'हसू'. 'हसू'वर क्लिक केलं की दिवसभरातली सगळी हसू समोर.

(बाइट, ताई, दादांबद्दल: "काकांनी मला विचारलं, बेटा, तुझी रांग कुठे? म्हटलं, काका, मला रांग लागतच नाही. मी रोल देते. गाणं निळं, बोलणं हिरवं. ते म्हणाले, म्हणजे घर तेच, फक्त भिंती काढल्या.")

(दृश्य: दादा ताईच्या मशीनवर बसलेत. हात थबकतो, बी दाबतो, क्लिप कापली जाते, तुकडा काढताच मागची पुढे सरकते. दादा हात मागे घेतात.)

निवेदन: हा शॉट आम्ही सलग ठेवला आहे. कापला नाही.

(दृश्य: पुन्हा जळगावची खोली. मॅकच्या मागची बाजू. इंटरनेटची वायर काढून गुंडाळलेली, जॅकवर चिकटपट्टी.)

निवेदन: ही चिकटपट्टी २०१७ पासून आहे. त्या वर्षी आलेल्या मॅकच्या हाय सिएरा या प्रणालीपासून फायनल कट सात मॅकवर चालेनासं झालं. मशीन चुकून अपडेट होऊ नये म्हणून दादांनी वायरच काढली. रोजचं काम ते आता दुसऱ्या मशीनवर, दुसऱ्या सॉफ्टवेअरवर करतात. हे मशीन फक्त कपाटासाठी आहे. याला हट्ट म्हणणारे भेटतात, म्हणून सांगतो: ऑस्करमध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरलेला कोरियाचा 'पॅरासाइट' याच फायनल कट सातवर कापला होता, आणि एडिटिंगचं नामांकनही मिळवून गेला.

(दृश्य: दारात एक बाई, सोबत शाळेच्या गणवेशातली मुलगी. हातात चरे पडलेली डीव्हीडी.)

निवेदन: आमचं चित्रीकरण चालू असताना या ताई चोपड्याहून आल्या. २०१० सालचं त्यांचं लग्न दादांनी केलेलं. डीव्हीडी अडकते, आणि जेवढी चालते तेवढ्यात बँडशिवाय काही ऐकू येत नाही. त्यांना हळदीची रात्र हवी आहे. त्यांची आजी त्या रात्री गायली होती. मुलीने पणजीला पाहिलेलं नाही.

(दृश्य: डिस्क कपाटातून निघते. केबल लागते. जुना फायनल कट उघडतो. प्रोजेक्ट उघडतो. रांगा.)

(बाइट, दादा: "ताई, जरा थांबा. बँड बंद करतो.")

(दृश्य: ए ४ बंद. ए १, ए २ बंद. वरून टाकलेलं गाणं बंद. बोट एल वर.)

निवेदन: ए ३.

(निवेदन इथे संपते. पुढे फक्त आजीचा आवाज, शेवटपर्यंत. पडद्यावर मुलीचा चेहरा.)