डोरा अकुन्यिली: नकली औषधांच्या बाजाराला भिडलेली बाई

(पडद्यावर: लागोसमधल्या औषध दुकानाचं काउंटर, गोळ्यांच्या पाकिटांवर छापलेले नंबर जवळून)

नव्वदच्या दशकाचा शेवट. नायजेरियात पेट्रोलियम ट्रस्ट फंड नावाची एक सरकारी संस्था होती, इंधनाचे भाव वाढवून जो जास्तीचा पैसा जमला तो रस्ते, हॉस्पिटलं, शाळा यांच्यावर खर्च करायचं काम तिच्याकडे होतं. तिथल्या एका झोनल सेक्रेटरी बाईंना तब्येतीचा त्रास सुरू झाला, लंडनला जाऊन ऑपरेशन करावं लागेल असं ठरलं आणि संस्थेने 17,000 पौंड मंजूर केले, 5,000 तपासण्यांसाठी आणि 12,000 ऑपरेशनसाठी. लंडनच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की ऑपरेशनची काही गरज नाही. बाई मायदेशी आल्या आणि ते 12,000 पौंड संस्थेला परत देऊन मोकळ्या झाल्या.

सानी अबाचाच्या लष्करी राजवटीत देशाच्या तिजोरीतले अब्जावधी डॉलर परदेशी बँकांत गेले, तो हा काळ. वरपासून खालपर्यंत सगळे खातायत म्हटल्यावर मंजूर झालेले, कुणी हिशोबही विचारणार नाही असे पैसे आपणहून परत करणं ही त्या वातावरणात केवढी गोष्ट होती बघा. फंडाचे अध्यक्ष तेव्हा मुहम्मदु बुहारी होते, पुढे 2015 ला निवडून येऊन राष्ट्राध्यक्ष झाले तेच. ही हकीकत फिरत फिरत राष्ट्राध्यक्ष ओलुसेगुन ओबासांजो यांच्या कानावर गेली आणि 2001 च्या एप्रिलमध्ये त्यांनी या बाईंना देशातल्या सगळ्यात बदनाम खात्यांपैकी एकाच्या खुर्चीत नेऊन बसवलं.

त्यांचं नाव डोरा अकुन्यिली.

जन्म 14 जुलै 1954, मकुर्डी शहरात. घरचे इग्बो समाजाचे, मूळ आग्नेय नायजेरियातल्या अनाम्ब्रा भागातले. शाळेची वर्षं सुरू असतानाच बियाफ्राचं युद्ध झालं, म्हणजे इग्बोंनी वेगळा देश जाहीर केल्यावर पेटलेलं यादवी युद्ध, 1967 ते 1970, इग्बो लोकांचा अख्खा प्रदेश उपासमारीने पोखरून निघाला. त्यातून बाहेर पडून ही मुलगी न्सुक्काच्या शाळेत पहिल्या श्रेणीत पास झाली, सरकारी स्कॉलरशिप मिळाली, न्सुक्काच्याच युनिव्हर्सिटी ऑफ नायजेरियात फार्मसीची डिग्री घेतली, 1985 मध्ये पीएचडी, विषय पारंपरिक वनौषधींचा. मग लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये पुढचं संशोधन. लग्न शिकत असतानाच झालेलं, नवरा चिके अकुन्यिली सर्जन, मुलं सहा. प्राध्यापकी चालली होती, म्हणजे औषध शरीरात गेल्यावर काय करतं हे या बाईला पुस्तकातून आणि लॅबमधून पक्कं माहीत होतं, आणि पुढे खात्यातल्या कुठल्याही अधिकाऱ्याला त्यांना गंडवता आलं नाही त्याचं एक कारण हेही आहे असं मला वाटतं.

आणि एक गोष्ट घरात घडलेली होती. त्यांची धाकटी बहीण डायबिटीसची पेशंट. 1988 मध्ये तिला दिलेलं इन्सुलिन नकली निघालं आणि ती गेली.

(पडद्यावर: कफ सिरपच्या बाटल्या, जुन्या वर्तमानपत्रांची कात्रणं)

तेव्हा नायजेरियात असं होणं अजिबात नवल नव्हतं. 1990 मध्ये तर लहान मुलांच्या पॅरासिटामॉल सिरपमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल नावाचं विषारी केमिकल गेलं आणि शंभरावर मुलं किडन्या बंद पडून दगावली. हे नाव मुंबईकरांना नवीन नाही. 1986 मध्ये जे.जे. हॉस्पिटलमध्ये ग्लिसरॉलमधून हेच केमिकल पेशंटच्या पोटात गेलं होतं, 14 जण गेले, लेंटिन कमिशन बसलं, मंत्र्याची खुर्ची गेली. तिकडे मुलांच्या मृत्यूंनंतर हालचाल झाली आणि 1993 मध्ये अन्न आणि औषधांवर नियंत्रण ठेवणारी राष्ट्रीय संस्था उभी राहिली, तिचं नाव नॅफडॅक. आपल्याकडच्या एफडीएचं जे काम, साधारण तेच.

संस्था झाली पण कामाचं म्हणाल तर पुढची आठ वर्षं नावापुरतंच. डोरा आल्या तेव्हा नॅफडॅकनेच एक पाहणी केली, तर बाजारातली 68 टक्के औषधं नोंदणीच नसलेली निघाली. खडूच्या भुकटीच्या गोळ्या, तारीख उलटलेल्या औषधांना नवीन लेबलं, अर्ध्या ताकदीच्या अँटिबायोटिक्स, काहीच औषध नसलेल्या मलेरियाच्या गोळ्या. घाना, सिएरा लिओन या पश्चिम आफ्रिकेतल्याच देशांनी नायजेरियात बनलेल्या औषधांना दारंच बंद केली होती, म्हणजे प्रामाणिकपणे चांगलं औषध बनवणारे कारखानेही त्यात भरडले जात होते.

आणि हा माल यायचा कुठून? इथे आपल्याला मान खाली घालावी लागते. बराचसा भारतातून आणि चीनमधून. नायजेरियन व्यापारी इकडे यायचा, मला अमुक औषध कमी ताकदीचं करून दे म्हणायचा आणि करून देणारे कारखानदार मिळायचे. आपल्या जेनेरिक औषधांनी आफ्रिकेत लाखो जीव वाचवले हे खरंच आहे आणि त्याचा अभिमान असावाच, पण त्याच बंदरांतून हेही गेलं, आणि ते सांगितल्याशिवाय या बाईंची गोष्ट पुरी होत नाही.

आता त्यांनी केलं काय, तर इथून पुढचा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण यात धाडीबिडी आहेतच पण खरी ताकद आहे ती कारकुनी कामात. पहिल्यांदा घर साफ केलं, लाच खाणारे कर्मचारी काढले, तपासणीच्या जागांवर विश्वासातले फार्मासिस्ट नेमले आणि त्यात बायका मुद्दाम जास्त घेतल्या. मग औषध आयातीसाठी फक्त दोन बंदरं आणि दोन विमानतळ ठरवून टाकले: लागोसचं अपापा आणि पूर्वेचं कालाबार, आणि लागोस व कानो इथले एअरपोर्ट. बाकी कुठूनही औषध आलं तर ते बेकायदाच, मग तपासत बसायचा प्रश्नच नाही. बँकांना सांगितलं की औषधाच्या आयातीची कागदपत्रं नॅफडॅकच्या मंजुरीशिवाय पुढे सरकवायची नाहीत. आणि भारत, चीन, इजिप्त या देशांत तपासनीस नेमले, म्हणजे माल जहाजावर चढायच्या आधीच त्याची टेस्ट होणार आणि सर्टिफिकेट असेल तरच तो निघणार. तीसहून जास्त परदेशी कंपन्यांवर बंदी घातली, त्यातल्या बहुतेक भारतातल्या आणि चीनमधल्या.

पण हे सगळं बंदरात आणि ऑफिसात चालतं, दुकानात औषध घेणाऱ्या बाईला त्यातलं काय दिसणार? तिच्यासाठी पाकिटावरचा नॅफडॅक नंबर. रेडिओवर, टीव्हीवर, पेपरात सतत एकच सांगणं, की नंबर बघा, नसेल तर घेऊ नका. नकली औषधांच्या याद्या पेपरात छापून यायला लागल्या, खरं पाकीट कसं दिसतं आणि खोटं कसं ते शेजारी शेजारी. औषधच नाही, रस्त्यावर प्लास्टिकच्या पिशवीत मिळणारं पाणी तिकडे प्युअर वॉटर म्हणून विकतात, त्यावरही नंबर. पावात पोटॅशियम ब्रोमेट नावाचं घातक केमिकल घालायचे ते बंद करायला बेकऱ्यांच्या मागे लागल्या. काही वर्षांत शाळकरी पोरंसुद्धा दुकानात पिशवी उलटी करून नंबर शोधायला लागली. एका सरकारी नोंदणी क्रमांकाला घराघरात पोचवलं, माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम हेच. कारण इन्स्पेक्टर किती ठिकाणी पुरणार, अख्खा देश गिऱ्हाईक म्हणून तपासायला लागला की मग खरा फरक पडतो.

(पडद्यावर: ओनित्शाचा बाजार, नायजर नदीवरचा पूल)

यात एक गाठ अशी होती की नकली औषधांचा सगळ्यात मोठा अड्डा होता ओनित्शा, आणि ओनित्शा अनाम्ब्रा राज्यात, म्हणजे डोरांच्या स्वतःच्या मुलुखात. व्यापारी बहुतेक इग्बो, त्यांचे भाषेचे, नात्याचे, गावाकडच्या ओळखीचे लोक. डोरांना या पदावर नेमू नका, स्वतःच्या माणसांवर ही बाई कारवाई करणार नाही, असं सांगणारे होतेच. त्यांनी ती केली. आधी समजावणी, मग पैशांचं आमिष आलं ते नाकारलं, मग धमक्या सुरू झाल्या.

26 डिसेंबर 2003. नाताळसाठी गावाकडे गेलेल्या डोरांच्या गाडीवर अनाम्ब्रात गोळीबार झाला. एक गोळी मागच्या काचेतून आत येऊन त्यांच्या डोक्यावरच्या कापडाला भोक पाडून गेली, टाळूची कातडी भाजली, अजून थोडी खाली असती तर तिथेच सगळं संपलं असतं. जवळच्या एका बसचा ड्रायव्हर मात्र मारला गेला, आणि त्याची आठवण कुणी काढत नाही म्हणून इथे मुद्दाम सांगतोय. 2004 च्या मार्चमध्ये लागोसमधली नॅफडॅकची लॅब पेटवून देण्यात आली, तपासणीची मशिनरी जळून गेली. एवढं होऊनही कायद्यात नकली औषध विकल्याचा दंड होता जास्तीत जास्त पाच लाख नायरा, ज्यांची उलाढाल कोटींत त्यांना हे काहीच नाही, आणि ही गोष्ट त्या प्रत्येक व्यासपीठावरून सांगत राहिल्या. मलेरिया टाळता येतो, एड्स टाळता येतो, दरोडेखोर एका वेळी काही जणांना मारतो, पण नकली औषध माणसं घाऊक मारतं, या अर्थाचं त्यांचं बोलणं जगभर छापून आलं.

2007 च्या मार्चमध्ये त्यांनी पोलीस आणि सैनिक घेऊन ओनित्शाचा औषध बाजारच बंद केला. काही महिने कुलूप. ट्रकच्या ट्रक भरून माल बाहेर काढला आणि जाळला. तोपर्यंत नोंदणी नसलेल्या औषधांचं प्रमाण 68 वरून 19 टक्क्यांवर आलं होतं, त्या देशांनी बंदी उठवली होती, ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनल या भ्रष्टाचारविरोधी संस्थेचं इंटेग्रिटी अवॉर्ड तर 2003 मध्येच मिळालेलं.

2008 च्या डिसेंबरमध्ये त्या माहिती मंत्री झाल्या. या भागात मी फार थांबणार नाही. देशाची प्रतिमा सुधारायची मोहीम त्यांनी काढली, घोषणा होती चांगली माणसं, महान देश. लोकांनी टीका केली की लाईट नाही, रस्ते नाहीत, आधी ते करा मग प्रतिमा, आणि मला ती टीका पटते. नॅफडॅकमध्ये त्यांच्या हातात तपासता येईल अशी गोष्ट होती, इथे नुसता प्रचार.

पण या खुर्चीत असताना त्यांनी एक काम केलं जे दुसऱ्या कुणी केलं नाही. राष्ट्राध्यक्ष उमारू यारअदुआ 2009 च्या नोव्हेंबरमध्ये उपचारांसाठी सौदी अरेबियाला गेले, अधिकार कुणाकडेही न देता, आठवड्यांमागून आठवडे देशाला कुणी चालवणारं नाही, आणि मंत्रिमंडळ सगळं ठीक आहे म्हणत गप्प. 2010 च्या फेब्रुवारीत डोरांनी मंत्रिमंडळाच्या बैठकीत लेखी निवेदन आणलं, उपराष्ट्राध्यक्ष गुडलक जोनाथन यांना कार्यकारी राष्ट्राध्यक्ष करा. सहकारी भडकले. त्यानंतर काही दिवसांतच, 9 फेब्रुवारीला, संसदेने तेच केलं.

वर्ष संपताना राजीनामा देऊन सिनेटच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या, 2011 मध्ये क्रिस न्गिगे यांच्याकडून थोडक्यात हरल्या, कोर्टात गेल्या, तिथेही निकाल विरोधात.

2014 च्या मार्चमध्ये अबुजाला राष्ट्रीय परिषद भरली तेव्हा प्रतिनिधी म्हणून आलेल्या डोरांना टीव्हीवर बघून लोक हादरले. इतक्या वाळलेल्या की ओळखू येईनात. कॅन्सर होता. तरी आल्या, बसल्या, कामात भाग घेतला. नंतर उपचारांसाठी त्यांना भारतात आणलं आणि 7 जून 2014 ला इथल्याच एका कॅन्सर हॉस्पिटलमध्ये त्या गेल्या. वय 59. ज्या देशातून येणाऱ्या खोट्या मालाशी भांडल्या त्याच देशातल्या डॉक्टरांवर शेवटी विश्वास टाकला, आणि मला यात विसंगती दिसत नाही. त्यांचं भांडण भारताशी कधीच नव्हतं, लबाडीशी होतं. ऑगस्टमध्ये अनाम्ब्रातल्या अगुलू गावी, सासरी, त्यांना दफन केलं.

त्यांची मुलगी न्जिडेका अकुन्यिली क्रॉस्बी आज अमेरिकेत राहते, मोठी चित्रकार आहे, 2017 मध्ये तिला मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. डॉक्टर चिके यांचं मात्र फार वाईट झालं. 28 सप्टेंबर 2021 ला ओनित्शात बायकोच्या स्मरणार्थ ठेवलेल्या व्याख्यानाला गेले होते, परतीच्या वाटेवर बंदूकधाऱ्यांनी त्यांना मारलं.

आणि बाजार? 2009 मध्ये नायजेरियात मलेरियाची नकली औषधं पकडली, पाकिटावर लिहिलेलं मेड इन इंडिया, तपास केला तर माल बनलेला चीनमध्ये. 2025 च्या फेब्रुवारीत नॅफडॅकने परत मोठी मोहीम काढली आणि तीन औषध बाजारांना सील ठोकलं: लागोसचा इडुमोटा, आबा शहरातला अरियारिया आणि ओनित्शा. सोबत सैनिक आणि पोलीस होते, आणि यावेळीही संस्थेच्या प्रमुखपदी एक बाईच होत्या, फार्मसीच्या प्राध्यापक, मोजिसोला अडेयेये.