गिअर बदलणारा हात

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या वर्षी भाद्रपदात मी कात्रजचा घाट चढून वर पोचले. चढ संपला, म्हणून पुढची चेन मोठ्या चक्रावर घ्यायला डाव्या अंगठ्याने गिअरचा खटका दाबला, आणि अंगठ्याच्या मुळाशी अशी सणक गेली की हात हँडलवरून सुटलाच. मागून एसटी येत होती. पायांत अजून दम होता, श्वासही जागेवर होता, पण एका बोटापायी मी सायकल धरून रस्त्याच्या कडेला उभी राहिले.

निदान झालं, अंगठ्याच्या मुळाच्या सांध्याची झीज. पन्नाशीनंतर, त्यातही बायकांना, हे दुखणं बरंच आढळतं. ‘आता सायकल पुरे’ असं घरच्यांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी सांगितलं. मला ते पटलं नाही. आपला हात कुठल्या हालचालीला कुरकुरतो हे नीट ओळखलं आणि त्याप्रमाणे शिफ्टर, म्हणजे गिअरचा खटका, निवडला, तर माझ्यासारख्या कितीतरी जणांची सायकल सुरू राहील. तेच आज सांगायचं आहे.

चिमटीच्या टोकाशी आपण 1 किलोचा जोर लावला, तर अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्यावर साधारण 12 किलोचा दाब येतो. म्हणून तर बरणीचं झाकण, कुलपाची किल्ली, कपड्यांचा चिमटा असल्या किरकोळ गोष्टी रडवतात. आणि आपल्याकडच्या बहुतेक गिअरच्या सायकलींवर असतो तो ट्रिगर शिफ्टर. त्यात हँडलखालची दांडी अंगठ्याने ढकलायची असते. घाटरस्त्यावर तासाभरात किती वेळा, ते मोजायला जाऊ नका.

पण खटका बदलण्याआधी त्याच्यापासून गिअरपर्यंत जाणारी वायर बघा. मी ज्या मेकॅनिककडे जाते, तो म्हणाला, “काकू, थांबा, नवीन काही घेऊ नका, आधी वायर काढतो.” त्याने डाव्या बाजूची वायर आउटरमधून, म्हणजे तिच्यावरच्या नळीतून, ओढली. निम्मी आली आणि अडकली. जोर लावून काढली, तर मधला वीतभर भाग तांबूस झालेला, गंजाची ओली पूड त्याच्या बोटांना लागलेली. दोन पावसाळ्यांचं पाणी आत मुरलं होतं. त्याने नवी वायर, नवं आउटर घातलं, आउटरची वळणं मोकळी ठेवली. मग म्हणाला, दाबा आता. जवळजवळ निम्मा जोर लागला! इतके महिने मी गंजाशी झुंजत होते आणि दोष सांध्याला देत होते. हे काम काहीशे रुपयांत होतं. श्रोतेहो, कुठलाही शिफ्टर घेण्याआधी एवढं नक्की करा.

त्यानंतरही दुखत असेल, तर घरातल्या कामांकडे लक्ष द्या. तुमचा हात रोज तुम्हाला सांगतोच आहे.

ओलं फडकं पिळताना मनगटात कळ येते का? मग ग्रिप शिफ्ट तुमच्यासाठी नाही. ग्रिप शिफ्ट म्हणजे स्कूटरच्या ॲक्सिलरेटरसारखी मूठ फिरवून गिअर बदलायचा. 1987 साली शिकागोत सुरू झालेल्या स्रॅम कंपनीचं हे पहिलं उत्पादन. यात अंगठ्याला टोकाशी जोर द्यावा लागत नाही, सगळ्या मुठीत तो वाटला जातो. म्हणून फडकं सहज पिळता येतं पण चिमटा दाबवत नाही, अशा हाताला ते छान जमतं. मात्र मूठ घट्ट आवळता यायला हवी. पावसात आणि घामाने ती निसटते, तेव्हा रबराची खाच खोल आहे ना, हे दुकानात हात ओला करून बघा. दुकानदाराला काय वाटेल याचा विचार करू नका.

चिमटा दाबताना अंगठा दुखतो आणि फडकं पिळतानाही मनगट दुखतं, अशी माझी गत. माझ्या हाताला मानवला तो हँडलच्या वर बसणारा साधा थंब शिफ्टर. नावात अंगठा आहे, पण अंगठा लागतोच असं नाही. लांब दांडी वर उभी असते. एका दिशेला ती तळहाताच्या गादीने ढकलायची, दुसऱ्या दिशेला दोन बोटांनी ओढायची. चिमूट कुठेच नाही. स्वस्त सायकलींवर येणारी ही वस्तू, म्हणून लोक तिला हसतात. मला मात्र तिच्यावरून कळलं की हाताला सोयीचं ते महाग असेलच असं नाही. खाली वाकलेल्या हँडलच्या सायकली असतील, तर हँडलच्या टोकाला बसणारे बार-एंड शिफ्टर याच तत्त्वावर चालतात.

ट्रिगरच ठेवायचा असेल तर एक फरक लक्षात ठेवा. शिमानो कंपनीच्या ट्रिगरमध्ये एक दांडी अंगठ्याने ढकलतात, दुसरी अंगठ्याशेजारच्या बोटाने ओढता येते. स्रॅमच्या ट्रिगरमध्ये दोन्ही कामं अंगठ्यावरच येतात. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. शिफ्टर बदलताना मागे जितके गिअर तितक्याच टप्प्यांचा आणि डिरेलरला, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या यंत्रणेला, जुळणारा घ्या, कारण एका खटक्याला किती वायर ओढली जाते ते प्रत्येक कंपनीत सारखं नसतं.

दाराची बेल वाजवण्याएवढंच बळ बोटात उरलं असेल, तर इलेक्ट्रॉनिक शिफ्टर आहेत. शिमानोने ते 2009 साली बाजारात आणले. बटण दाबलं की छोटी मोटर चेन सरकवते. किंमत मात्र भारी आहे, अनेकदा आपल्या आख्ख्या सायकलीपेक्षा जास्त. पण संधिवाताने बोटं वाकडी झालेल्या माणसासाठी हा चैनीचा विषय नाही, असं मला मनापासून वाटतं.

मुंग्यांचं दुखणं वेगळं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधीर होत असेल, तर हँडलवर तळहाताची कड दाबली जाते आहे. तिथे शिफ्टर बदलून उपयोग नाही. हँडल वर घ्या, सीटचं नाक खाली झुकलेलं असेल तर सपाट करा, रुंद बुडाच्या ग्रिप बसवा. अंगठा आणि पहिली दोन बोटं रात्री झोपेत बधीर होत असतील, तर मनगटात नस दाबली जात असण्याची शक्यता आहे. मग सायकलच्या दुकानात जाण्याआधी डॉक्टरांकडे जा. अंगठ्याखालचा मांसल उंचवटा सपाट व्हायला लागला असेल तर एक आठवडासुद्धा घालवू नका.

माझ्या डाव्या हाताचं शेवटी काय केलं ते सांगते. पुढची चेन मोठ्या चक्रावर चढवायला सगळ्यांत जास्त जोर लागतो, आणि ते काम डाव्या हाताकडे असतं. मेकॅनिकने पुढचा डिरेलरच काढला. तीन चक्रांपैकी मधलं, 34 दात्यांचं, तेवढं ठेवलं. मागे 14 ते 34 दात्यांचं सात गिअरचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच, बसवलं आणि चेन त्या मापाची करून घेतली. पुढे 34, मागे 34, म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात चाकाचा बरोबर एक फेरा. माझ्या पायांना कात्रजसाठी तेवढं पुरतं. उतारावर पूर्वीइतका वेग मिळत नाही, त्याचं मला काही वाटत नाही. आता गिअरचं सगळं काम उजव्या तळहाताकडे आहे. डावीकडे जिथे तो खटका होता, तिथे मेकॅनिकने घंटी लावून दिली आहे. ती मी अंगठ्याशेजारच्या बोटाने वाजवते.

नमस्कार.