सोप्यातले दोन स्पीकर

[दृश्य : शहापूर, बेळगाव. घराचा सोपा. एकजण मधोमध उभा राहून टाळी वाजवतो.]

टाळी संपली, तरी झणकार मागे राहिला. वर स्लॅब, खाली शहाबादी फरशी, चारी बाजूंना गिलावा. आवाज यांच्यामध्ये टोलवला जातो. असे दहा बाय बाराचे सोपे वडगाव-अनगोळपासून खानापूर-निपाणीपर्यंत आहेत. पाच स्पीकर आणि सबवूफरचं (नुसता खर्ज वाजवणाऱ्या खोक्याचं) होम थिएटर आणण्याआधी अशा खोलीत दोन स्पीकर नीट लावावेत, हे आमचं ठाम मत आहे.

[दृश्य : फरशीवर टेप, खडूच्या खुणा.]

दहा फुटांच्या भिंतीसमोर दोन्ही स्पीकर एकमेकांपासून ६ फुटांवर. प्रत्येकापासून खुर्चीही ६ फुटांवर. पाठीमागे दीड-दोन फूट मोकळे, नाहीतर खर्ज फुगतो. शोकेसच्या कप्प्यात कोंबलेल्या स्पीकरचं हेच होतं. ट्वीटर, म्हणजे खोक्यातला उंच स्वरांचा छोटा स्पीकर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर हवा, म्हणजे साधारण ३ फूट. खुर्चीही भिंतीला टेकवायची नाही. या मापात तिच्यामागे तीन-साडेतीन फूट उरतात.

[दृश्य : बाजूच्या भिंतीवर सरकणारा आरसा.]

खुर्चीत बसलेल्याला आरशात जिथे स्पीकर दिसला, तिथे खूण करा आणि जाड घोंगडं लावा. दुसऱ्या बाजूच्या भिंतीवरही तसंच. पातळ पडद्याने काही साधत नाही. खाली जान (जाड लोकरी बैठक) अंथरा. झणकार उतरेल, खर्जाचा घुमारा मात्र घोंगड्याने जात नाही, तो खुर्ची पुढे-मागे सरकवूनच कमी करावा लागतो.

[दृश्य : दीड व्होल्टचा सेल. वूफरचा (खर्जाच्या मोठ्या स्पीकरचा) कोन, म्हणजे शंकूसारखा पडदा, जवळून.]

वायर अ‍ॅम्प्लिफायरपासून सोडवा. लाल टर्मिनलची तार सेलच्या गुंडीला, काळ्याची बुडाला, क्षणभरच टेकवा. कोन बाहेर आला पाहिजे. बघा, डावा बाहेर आला आणि उजवा आत गेला. उजव्याच्या तारा उलट्या जोडल्या आहेत. अशाने खर्ज गळतो आणि गाणाऱ्याचा आवाज कुठून येतो ते कळत नाही.

तारा सुधारल्यावर मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरांतून एकच आवाज देणारं, ध्वनिमुद्रण लावा. १९२४ साली इथल्याच सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या मोनोच आहेत. आवाज दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये, जिथे काहीच ठेवलेलं नाही तिथून, आला पाहिजे.

[दृश्य : तबकडीवर टेकणारी सुई.]

ही तबकडी स्टिरिओ, म्हणजे डावा-उजवा आवाज वेगळा असलेली. हिच्या खाचेच्या दोन भिंती ४५ अंशांनी कललेल्या असतात. एकीत डावा आवाज, दुसरीत उजवा. इंग्लंडच्या अ‍ॅलन ब्लुमलाइन यांनी १९३१ मध्ये पेटंटसाठी केलेल्या अर्जात ही कल्पना होती. अशा तबकड्या बाजारात सर्रास आल्या त्या १९५८ मध्ये. आवाज किती मोठा आणि कोणत्या कानाला आधी, या फरकांवरून आपण दिशा ओळखतो. त्यासाठी दोन स्पीकर पुरतात.

[दृश्य : सोफ्यावर ठेवलेला सबवूफर. एकजण फरशीवर रांगतो आहे.]

आता सहा खोके. सबवूफर आधी बसायच्या जागी ठेवला आहे. खर्जाचं वाद्य चालू आहे. रांगत भिंतीकडेने फिरायचं, आणि खर्ज जिथे भरीव पण स्वच्छ ऐकू येईल तिथे सबवूफरची कायमची जागा. बारा फुटांच्या लांबीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा स्वर फुगतोच, म्हणून हे रांगणं टाळू नका. रिसीव्हरवर, म्हणजे सगळे स्पीकर जोडलेल्या अ‍ॅम्प्लिफायरवर, विभागणी ८० हर्ट्झला, त्याखालचा खर्ज सबवूफरकडे. मागचे दोन स्पीकर समोरून १०० ते १२० अंशांवर, कानापेक्षा थोडे वर. खुर्चीपासूनची अंतरं टेपने मोजूनच रिसीव्हरमध्ये भरा. आवाजाला एक फूट जायला साधारण ०.९ मिलिसेकंद लागतात. मागचा स्पीकर ३ फूट जवळ असेल आणि अंतर चुकीचं भरलं, तर कान आधी मागेच वळतो.

सामाईक भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांना हा खर्ज पोचतो.

चित्रपटात मात्र पाच स्पीकरांचा खरा फायदा आहे. घरची मंडळी कडेला बसली, तरी मधल्या स्पीकरमुळे संवाद पडद्यावरूनच येतात. दोनच स्पीकर असतील आणि संवाद दबले, तर प्लेअरच्या सेटिंगमध्ये आवाज ‘स्टिरिओ’ किंवा ‘पीसीएम’ करा. पाच वाटांचा (चॅनलचा) आवाज दोनमध्ये मिसळून येईल.

[दृश्य : रिसीव्हरच्या बटणांवर बोट.]

गाण्यासाठी ‘ऑल चॅनल स्टिरिओ’ दाबू नका. आपल्याकडची बहुतेक शास्त्रीय ध्वनिमुद्रणं मोनो किंवा दोन वाटांचीच आहेत. तोच आवाज पाचही खोक्यांतून वेगवेगळ्या वेळी कानावर आला की काही स्वर एकमेकांना खातात, आणि तंबोरे, तबला, गळा यांच्या जागा पुसल्या जातात. नुसतं ‘स्टिरिओ’ दाबा, मागचे बंद राहू द्या.