मिरीचा एक दाणा आणि ऐंशी वर्षं

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, मी वकील नाही. गोव्यात फोंडा तालुक्यात तलाठी म्हणून जन्म गेला, एक-चौदाचे, म्हणजे जमिनीचे उतारे बघता बघता चष्म्याचा नंबर वाढला. मग इंग्लंडातल्या फ्लॅटवर बोलायला मी कशाला, तर माझा भाचा स्विंडनला असतो आणि त्याच्या फ्लॅटच्या लीजपायी गेलं वर्षभर मी रात्री साडेदहाला व्हॉट्सअ‍ॅपवर बसतोय. इथेसुद्धा प्रत्येक दोन-तीन घरांमागे एक जण पोर्तुगीज पासपोर्टवर तिकडे गेलेला निघेल, स्विंडन नाहीतर साउथॉल, म्हणून म्हटलं जे कळलंय ते सांगून टाकावं.

इंग्लंड-वेल्समध्ये फ्लॅट घेतला की तो बहुतेक लीजहोल्डच असतो. फ्लॅट तुमचा, पण ठरलेल्या वर्षांपुरता. जमीन आणि बिल्डिंग फ्रीहोल्डरची. हे ऐकल्यावर माझी बहीण म्हणाली, "दादा, म्हणजे भाटकारच मरे तो!" भाटकार म्हणजे आमच्याकडचा जमीनमालक. बाई बरोबर बोलली. फक्त आपल्या मुंडकाराला, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याला, १९७५ च्या कायद्याने घर विकत घ्यायचा हक्क दिला, तिकडे एकट्या फ्लॅटवाल्याला वर्षं विकत घ्यावी लागतात. सगळ्यांनी मिळून अख्खी बिल्डिंग घ्यायचीही सोय आहे, पण त्याला निदान निम्मे फ्लॅट एकत्र यायला हवेत, आणि आपल्या सोसायटीच्या मीटिंगा आठवा म्हणजे बाकीचं सांगायला नको.

आता भाच्याची चूक. फ्लॅट घेताना एजंट म्हणाला नव्व्याण्णव वर्षांचं लीज आहे, याने ते आपण घेतल्या दिवसापासून धरलं. मी म्हटलं बाबा, कागद दाखव. लँड रजिस्ट्रीकडून लीजची कॉपी काढली, त्यात तारीख २४ जून २००८. २४ जून म्हणजे आपला सांजांवचा सण, इथे पोरं विहिरीत उड्या मारतात, तिकडे तो भाडं द्यायच्या चार जुन्या ठरलेल्या दिवसांपैकी एक, म्हणून कितीतरी लीजं त्या तारखेपासून सुरू होतात. म्हणजे जून २०२७ मध्ये याची ऐंशीच उरणार, आणि हा गडी निवांत.

ऐंशीचं एवढं काय? मुदत वाढवताना फ्रीहोल्डरला काय द्यायचं ते कसं काढतात बघा. एक तर त्याचं बुडणारं ग्राउंड रेंट, म्हणजे जमिनीचं वार्षिक भाडं. दुसरं, लीज संपल्यावर फ्लॅट त्याच्याकडे परत जाणार होता ते आता लांबलं, त्याची आजची किंमत. फ्लॅटसाठी साधारण ५ टक्के दर धरतात. दोन लाख पाउंडांचा फ्लॅट ऐंशी वर्षांनी मिळणार असेल तर आज त्याचे होतात चारेक हजार पाउंड, साठच वर्षं उरली असतील तर दहा हजारांच्या वर. जेवढा उशीर तेवढं महाग. आणि तिसरी ती मॅरेज व्हॅल्यू. हसू नका, हुंडा नाही तो, जरी मलाही आधी तसंच वाटलं. मुदत वाढल्यावर फ्लॅट आणि जमीन मिळून जी किंमत वाढते तिला म्हणतात, आणि उरलेली वर्षं ऐंशी किंवा त्याखाली असली की तिचा अर्धा वाटा फ्रीहोल्डरला. ऐंशीच्या वर असाल तर एक पैसा नाही. म्हणून ती तारीख.

मुदत वाढवायचा हक्क मिळतो १९९३ च्या कायद्याने. उरलेल्या वर्षांवर आणखी ९० वर्षं, आणि ग्राउंड रेंट मिरीचा एक दाणा. खरंच, कायद्याच्या भाषेत पेपरकॉर्न म्हणतात, अर्थ शून्य. आमच्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, पोफळीवर चढलेल्या वेलींची मिरी काढतो, भाचा म्हणाला मामा, एक दाणा पाठव, भाडं भरून टाकतो. आधी फ्लॅट दोन वर्षं नावावर असायला लागायचा, ती अट ३१ जानेवारी २०२५ पासून गेली.

कोणी म्हणेल, २०२४ च्या नव्या कायद्यात ९९० वर्षं मिळणार, मॅरेज व्हॅल्यूही जाणार, मग थांबू. कायदा पास झालाय, पण ही कलमं अजून लागू नाहीत. दीडशे वर्षं उरली असतील तर खुशाल थांबा. एक्याऐंशीवर उभे असाल तर मी थांबलो नसतो, आणि भाच्यालाही थांबू दिलं नाही.

मधेच फ्रीहोल्डर कंपनीचं गोड पत्र आलं, कंपनीचं नाव नको, की वकील-नोटीस कशाला, आपसात मिटवू, एकशे पंचवीस वर्षं करून देतो. वाचून बघतो तर जुन्या मुदतीपुरतं ग्राउंड रेंट तसंच चालू, कायद्याने मिळणाऱ्या वर्षांपेक्षा वर्षंही कमी. कायद्याच्या बाहेरून केलेला करार नेहमी वाईटच असं नाही, कधी लवकर उरकतो, पण आधी सर्व्हेअरकडून, म्हणजे किंमत ठरवणाऱ्या जाणकाराकडून, आकडा काढून घ्यावा. आणि हो, फ्रीहोल्डरच्या वकिलाचा आणि सर्व्हेअरचा वाजवी खर्चही आजच्या घडीला आपल्याच खिशातून जातो, हे ऐकून बहिणीने फोन ठेवला होता.

तर डिसेंबर २०२५ मध्ये फ्रीहोल्डरला मुदत वाढवून मागणारी रीतसर नोटीस दिली. नोटीस दिल्या दिवशी वर्षं जिथे असतील तिथेच किंमतीसाठी धरतात, म्हणजे आम्ही ऐंशीच्या वर अडकलो, चांगल्या अर्थाने. उत्तर द्यायला फ्रीहोल्डरला निदान दोन महिने द्यावे लागतात. त्याची काउंटर-नोटीस, म्हणजे उत्तराची नोटीस, फेब्रुवारीत आली, आकडा आमच्या सर्व्हेअरच्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट. भाचा घाबरला. सर्व्हेअर म्हणाला, असंच असतं, आता घासाघीस.

नाहीच जमलं तर ट्रायब्युनल, म्हणजे किंमत ठरवून देणारा न्यायाधिकरण, आणि तिथे खरी मेख आहे. काउंटर-नोटीसनंतर दोन महिने झाल्यावर आणि सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. सहा महिने चुकले तर नोटीस मागे घेतली असं धरतात आणि पुढे बारा महिने नवी देता येत नाही. आमचे सहा महिने ऑगस्ट २०२६ ला संपतात. चुकलो तर पुढची नोटीस ऑगस्ट २०२७ ला, आणि सांजांव तोवर होऊन गेलेला असेल. भाच्याच्या फोनमध्ये रिमाइंडर आहे म्हणतो. मी इकडे कालनिर्णयवर लाल पेनाने गोल करून ठेवलाय, आणि त्याच्या आईला दर सोमवारी विचारायला सांगितलंय.