पाकेह्यांना आमच्याकडून भेट

(निवेदन)

क्रिकेटच्या विश्वचषकात न्यूझीलंडचा सामना असला की आधी त्यांचं राष्ट्रगीत लागतं. आपण कान देतो, तर पहिल्या कडव्यात ओळखीचा एकही इंग्रजी शब्द सापडत नाही. 'ए इहोवा अतुआ...' ही माओरी भाषा, न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांची. इंग्रजी कडवं मागून येतं.

ही रीत फार जुनी नाही. 1999 साली लंडनमध्ये रग्बी विश्वचषकाच्या सामन्याआधी हिनेवेही मोही या गायिकेनं हे गीत फक्त माओरीत गायलं, तेव्हा मायदेशी गदारोळ उठला होता. त्या मातीतल्या सगळ्यात जुन्या भाषेचा त्याच देशातल्या लोकांना राग यावा, हे कसं घडलं? त्यासाठी आधी शाळेच्या पटांगणात जावं लागतं.

(दृश्य: जुनी शाळा, कृष्णधवल छायाचित्रं)

1867 च्या कायद्यानं माओरी मुलांच्या सरकारी शाळांचं माध्यम इंग्रजी झालं. पुढे तर शाळेच्या आवारात तोंडून माओरी शब्द निघाला की मुलांना पट्ट्याचा मार बसू लागला. मार खाल्लेली ती मुलं मोठी झाली, आईबाप झाली आणि आपल्या लेकरांशी इंग्रजीत बोलू लागली. आपण सोसलं ते पोरांच्या वाट्याला येऊ नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर कामधंद्यासाठी कुटुंबं गावं सोडून ऑकलंडला, वेलिंग्टनला आली. आजी-आजोबा बहुतेक गावीच राहिले. 1913 मध्ये शाळेत जाणाऱ्या 100 माओरी मुलांपैकी 90 हून अधिक मुलं ही भाषा बोलत होती. 1975 पर्यंत 5 सुद्धा उरली नाहीत.

अशा शहरी घरांत वाढलेली काही मुलं 1970 मध्ये ऑकलंड विद्यापीठातल्या तरुण माओरी नेत्यांच्या परिषदेला जमली. तिथून एक संघटना उभी राहिली: 'न्गा तामातोआ', म्हणजे तरुण योद्धे. सिड जॅक्सन, हाना ते हेमारा, टामे इटी ही त्यातली पुढे गाजलेली नावं. यांच्यातल्या अनेकांना स्वतःची भाषा धड बोलता येत नव्हती. मला ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. येत असलेली भाषा टिकवायला माणूस झटतो, ते आपण समजू शकतो. ही मुलं त्यांना कधी मिळालीच नाही अशा भाषेसाठी दारोदार फिरत होती, सह्या गोळा करत होती. वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया विद्यापीठातली 'ते रेओ माओरी सोसायटी' आणि माओरी विद्यार्थ्यांची संघटना 'ते हुइंगा रंगाताही' त्यांच्यासोबत होत्या.

14 सप्टेंबर 1972. हाना ते हेमारा आणि तिचे साथीदार वेलिंग्टनला संसदेच्या पायऱ्यांवर पोहोचले. सोबत वडीलधारी मंडळी होती. हातात 30,000 हून अधिक सह्यांचं निवेदन होतं.

त्यात मागितलं काय होतं? जिथे माओरी मुलं जास्त आहेत अशा सगळ्या शाळांत माओरी भाषा आणि संस्कृतीचे वर्ग सुरू व्हावेत. मागणी इथे संपली असती तरी चाललं असतं. पण पुढचं वाक्य होतं: हेच वर्ग देशातल्या बाकी सगळ्या शाळांतही असावेत, पाकेह्यांना आमच्याकडून भेट म्हणून.

पाकेहा म्हणजे युरोपीय वंशाचे न्यूझीलंडवासी. ज्यांच्या शाळांनी भाषा हिरावली, त्यांनाच ती भाषा द्यायला ही पोरं निघाली होती. काहीतरी मागायला आलेल्यांचा हा सूर मी दुसरीकडे फार क्वचित ऐकला आहे.

तो दिवस माओरी भाषा दिन ठरला आणि 1975 पासून त्याचा सप्ताह झाला. पण वर्षातून एक आठवडा साजरा केल्यानं लेकरू बोलू लागत नाही. त्यासाठी आजी लागते. 1982 मध्ये वेलिंग्टनजवळ वायनुइओमाताला पहिलं 'कोहांगा रेओ' उघडलं. या नावाचा अर्थ भाषेचं घरटं. शाळेत जाण्याआधीच्या वयाची पोरं दिवसभर इथे असायची, आणि त्यांना सांभाळायला आजीच्या वयाच्या, जन्मापासून माओरी बोलणाऱ्या बायका. खेळणं, जेवण, रागावणं, झोपवणं, सगळं माओरीत. मधल्या पिढीत भाषा तुटली होती, तेव्हा त्या पिढीला ओलांडून आजीनं ती थेट नातवंडांच्या ओठांवर ठेवली.

बाहेरचं जग मात्र इतक्या लवकर वळत नव्हतं. 1984 मध्ये ऑकलंडच्या टेलिफोन एक्स्चेंजमधली नाइडा ग्लाविश फोन उचलला की 'किआ ओरा' म्हणायची. आपण 'नमस्कार' म्हणतो तसं. वरिष्ठांनी ते बंद करायला सांगितलं. तिनं नकार दिला. गोष्ट देशभर गाजली, पंतप्रधानांपर्यंत गेली, आणि 'किआ ओरा' राहिलं.

1986 मध्ये वायतांगी न्यायाधिकरणानं, म्हणजे 1840 साली ब्रिटिश राजसत्ता आणि माओरींमध्ये झालेल्या वायतांगी कराराच्या भंगाच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंडळानं, या भाषेला 'ताओंगा', म्हणजे जपायचा अमोल ठेवा, मानलं. 1987 मध्ये ती देशाची अधिकृत भाषा झाली. 2004 मध्ये माओरी दूरचित्रवाणी वाहिनी आली.

(दृश्य: आजची संसद)

2023 च्या जनगणनेत 2 लाख 13 हजारांहून अधिक लोकांनी आपल्याला माओरी बोलता येते असं नोंदवलं. देशातल्या दर 100 माणसांत ही जेमतेम 4 भरतात. काम अर्धंही झालेलं नाही.

त्याच वर्षी 21 वर्षांची हाना-राफिती माइपी-क्लार्क खासदार झाली. तिचे आजोबा न्गा तामातोआमध्ये होते, आणि 1972 मध्ये निवेदन घेऊन गेलेली हाना ते हेमारा तिच्या नात्यातली. 14 नोव्हेंबर 2024 रोजी माओरींशी झालेल्या वायतांगी कराराचा अर्थ बदलू पाहणारं विधेयक सभागृहात आलं. तिनं त्याची प्रत फाडली आणि जागेवर उभी राहून हाका, म्हणजे ललकाऱ्या देत करायचं माओरींचं पारंपरिक नृत्य, सुरू केला. विरोधी बाकांवरचे खासदार उठले, प्रेक्षक सज्जातून लोक उठले, सगळे तिच्यासोबत त्याच भाषेत गर्जू लागले. सभापतींना कामकाज थांबवावं लागलं.

एप्रिल 2025 मध्ये ते विधेयक 112 विरुद्ध 11 मतांनी पडलं.